खानदेशचा कापूस ब्लॅकबर्नला पोहोचला, तरी तिथले विणकर उपाशी का राहिले?

सरकी_जळगाव

नमस्कार मंडळी,

मी जळगाव जिल्ह्यातील एका शाळेत इतिहास शिकवतो आणि आमच्या घरी तीन पिढ्या कापूस पिकतो आहे, त्यामुळे अमेरिकेतील यादवी युद्ध आणि मुंबईचा कापूस हा भाग शिकवताना मी नेहमीच थोडा रंगून जातो. १८६१ मध्ये युद्ध पेटले, अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि मग खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे मी दरवर्षी सांगतो. यंदा मात्र एका मुलीने मध्येच हात वर करून विचारले, "सर, आपला कापूस तिकडे जात होता ना, मग तिकडचे कामगार उपाशी का होते?" "कापूस पुरेसा नव्हता" असे सांगून मी वेळ मारून नेली, पण ते उत्तर माझे मलाच पटलेले नाही.

त्यातच दिवाळीच्या साफसफाईत आजीच्या ट्रंकेत एक कधीच न नेसलेले धोतर सापडले. घडीच्या कडेला निळ्या शाईत वारांचा आकडा छापलेला आहे आणि त्याखालच्या पुसट इंग्रजी अक्षरांपैकी ‘ब्लॅकबर्न’ एवढाच शब्द लागतो. घरात त्याला सगळे ‘विलायती धोतर’ म्हणत आले आहेत. थोडे वाचल्यावर कळले, की इंग्लंडच्या लँकेशायर भागातील हे गाव हिंदुस्थानासाठी धोतरेच विणत असे. म्हणजे आमच्या शेतातली रुई तिकडे जायची आणि तिचेच धोतर होऊन आमच्या ट्रंकेत परत यायचे की काय, असा विचार मनात आला.

जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. त्या काळात ब्लॅकबर्नमधील विणकराच्या घरचा रोजचा दिवस कसा असे? आणि आपला कापूस पोहोचूनही तिथे चूल का पेटत नव्हती? आपल्याकडच्या कापसाला तिथले लोक ‘सुरती’ म्हणून शिव्या देत, असेही वाचले. त्यात तथ्य किती आणि तिरस्कार किती?

टाचण

सरकी सर, आपल्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगावा, कारण पाठ्यपुस्तके ज्या जागी वाक्य संपवतात नेमक्या त्याच जागी तिने प्रश्न विचारला आहे.

आधी धोतराविषयी. हिंदुस्थानात विकल्या जाणाऱ्या ताग्यांवर वारांमध्ये लांबी छापण्याची सक्ती १८८९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याने झाली, त्यामुळे आपले धोतर बहुधा त्यानंतरचे असावे. म्हणजे ते कापूस-टंचाईच्या काळातले नाही; पण ज्या गावात ते विणले गेले, त्या गावाचा स्वभाव त्या टंचाईने बराच घडवला होता.

ब्लॅकबर्न हे १८०१ साली सुमारे १२,००० वस्तीचे गाव होते. १८५१ मध्ये तिथे नगरपालिका आली तेव्हा वस्ती ४६,००० च्या पुढे गेली होती आणि १९०१ पर्यंत ती सव्वा लाखाच्या वर पोहोचली. ‘जेनी’ हे सूत कातण्याचे यंत्र बनवणारा जेम्स हारग्रीव्ह्ज याच गावाजवळचा. १७६८ मध्ये जमावाने त्याची यंत्रे फोडली आणि तो नॉटिंगहॅमला निघून गेला. पुढे एप्रिल १८२६ मध्ये, भुकेला टेकलेल्या हातमागवाल्यांनी ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गावांतील हजाराहून अधिक यंत्रमाग चार दिवसांत मोडून टाकले. ज्यांनी माग मोडले त्यांचीच मुले-नातवंडे पुढे त्याच मागांवर उभी राहिली, यात मला विसंगती दिसत नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नव्हते. १८१० मध्ये कालवा आला, १८४६ मध्ये रेल्वे आली, आणि १८४१ च्या सुमारास ब्लॅकबर्नमध्येच केनवर्दी व बुलो या दोघांनी यंत्रमागात अशी सुधारणा केली, की बाण्याचा (आडवा) धागा तुटताच माग आपोआप थांबू लागला. एका विणकराला अनेक माग सांभाळता येऊ लागले ते त्यामुळे. कातकामाचा भर हळूहळू ओल्डहॅमकडे सरकला आणि ब्लॅकबर्न विणकामाचे गाव झाले. त्यातही पूर्वेकडच्या बाजारपेठांसाठी साधे, पांढरे, स्वस्त कापड विणणारे.

आता मूळ प्रश्न. १८६० मध्ये इंग्लंडला लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून येत असे, त्यामुळे हिंदुस्थानातून येणारा कापूस कितीही वाढला तरी ती पोकळी भरून निघणे लवकर शक्य नव्हते. पण केवळ एवढेच कारण असते तर आपण दिलेले उत्तर पुरेसे ठरले असते. खरी गोष्ट अशी आहे, की कापूस गावात असतानाही गिरण्या बंद होत्या. अमेरिकन कापसाचा जो भाव युद्धापूर्वी पौंडाला सहा-सात पेन्स होता, तो १८६४ मध्ये सरासरी सत्तावीस पेन्सच्या वर गेला. कापडाचा भाव मात्र त्या प्रमाणात चढला नाही, कारण गिऱ्हाईक महागडे धोतर घेण्याऐवजी जुनेच आणखी एक वर्ष नेसते. अशा वेळी गोदामात कापसाच्या गाठी असलेल्या मालकाला कातण्या-विणण्यापेक्षा त्या तशाच विकण्यात अधिक नफा दिसे, आणि लँकेशायरमध्ये माणसे रांगेत उभी असताना लिव्हरपूलहून कापूस युरोपातील इतर देशांकडे पुन्हा निर्यात होत होता.

त्यात धोकाही होता. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत मुंबईची गाठ आफ्रिकेला वळसा घालून तीन-चार महिन्यांनी लिव्हरपूलला लागे. मुंबईत चढ्या भावाने घेतलेली गाठ समुद्रात असतानाच अमेरिकेत तह झाला तर? १८६४ च्या शरद ऋतूत तहाच्या नुसत्या अफवेने भाव कोसळले आणि अनेकांचे दिवाळे वाजले. त्यामुळे बेताच्या भांडवलाचा गिरणीवाला गिरणीला कुलूप घालून स्वस्थ बसे. कुलपाला फारसा खर्च येत नाही. त्याच्या कामगाराला मात्र आठवड्याची भाकरी आठवड्याच्या मजुरीतूनच आणायची असे.

डिसेंबर १८६२ मध्ये त्या सगळ्या कापूस-पट्ट्यात पाच लाखांच्या घरात माणसे मदतीवर जगत होती आणि ती मदत माणशी आठवड्याला साधारण दोन शिलिंगांची होती. बचत आधी संपली, मग सहकारी भांडारातले पैसे काढले गेले, मग घड्याळ, अंथरूण-पांघरूण, रविवारचे कपडे गहाणवट्याकडे गेले. गरिबांच्या कायद्याखाली मदत हवी असेल तर पुरुषांना खडी फोडावी लागे. ज्याची बोटे सुताची गाठ मारण्यासाठी मऊ राहायला हवीत त्याच्या हातात हातोडा देणे हा त्या काळच्या शहाणपणाचा एक नमुना. बायका-मुलींसाठी शिवणवर्ग उघडले आणि तिथे बसण्याबद्दल थोडे पैसे दिले गेले. १८६३ मध्ये कायदा करून नगरपालिकांना कर्जे दिली गेली आणि रस्ते, गटारे, बागा अशी कामे काढली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये, रोख पैशांऐवजी दुकानाच्या चिठ्ठ्या देण्याचे ठरले म्हणून स्टॅलीब्रिज गावात दंगल झाली. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामांवरचे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातले काहीच नवे वाटणार नाही.

‘सुरती’विषयी मी अधिक लिहीत नाही. इथे इचलकरंजीचे एक जाणते सदस्य आहेत, त्यांनी मनावर घ्यावे.

धोटा_कांडी

टाचण सरांनी बोलावले म्हणून लिहितो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढली आहेत, त्यामुळे सूत का तुटते एवढे नक्की सांगता येईल.

पहिली गोष्ट अशी, की ‘सुरती’ म्हणजे केवळ सुरतेचा कापूस नव्हे. पश्चिम हिंदुस्थानातून जाणाऱ्या सगळ्याच कापसाला लिव्हरपूलमध्ये हे नाव चिकटले होते आणि त्यात सरकी सरांच्या खानदेशचाही माल आला. या कापसाचा तंतू आखूड, पाऊण इंचाच्या आसपास. अमेरिकेचा साधारण एक इंच. ज्याने कधी वाती वळल्या आहेत त्याला हे लगेच कळेल, की आखूड तंतूला पीळ अधिक द्यावा लागतो आणि तरीही तो धागा ताण आला की सुटतो. ब्लॅकबर्नची यंत्रे, त्यांच्या रुळांमधील अंतर, त्यांचा वेग हे सगळे अमेरिकन तंतूच्या लांबीला धरून बसवलेले होते. त्या यंत्रात आपला कापूस घातला की कातताना तुटे, ताणा (उभे धागे) भरताना तुटे आणि मागावर तर मिनिटामिनिटाला तुटे.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. आपला कापूस हाताने किंवा साध्या चरख्याने सरकी काढलेला, उघड्यावर पडलेला, बैलगाडीने घाट उतरून आलेला. थळ घाटातून रेल्वे खाली उतरली ती १८६५ मध्ये, म्हणजे युद्ध संपण्याच्या सुमारास. मालात पाला, माती, सरकी निघे, आणि भाव चढल्यावर वजन वाढवण्यासाठी खडे आणि पाणी मुद्दाम घातले जाई. प्रकार इतका वाढला, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा तिरस्कार होता हे खरे, पण त्याला कारणही होते. एका प्रार्थनासभेत "देवा, आम्हाला कापूस दे" अशी विनवणी झाल्यावर मागून कोणीतरी "पण सुरती नको रे देवा" असे ओरडल्याची गोष्ट तिकडे अजून सांगतात.

आता पैशांचा हिशेब पाहा, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे. ब्लॅकबर्नच्या विणकराला रोजावर पगार नव्हता. जितके कापड विणले तितकी मजुरी. १८५३ मध्ये मालक आणि कामगार यांनी मिळून तिथे एक दरपत्रक ठरवले, जे ‘ब्लॅकबर्न लिस्ट’ म्हणून गाजले. कापडाची रुंदी, फणीतल्या फटींची दाटी (घर), इंचातील बाण्याचे धागे (पिके), ताग्याची लांबी यांवरून मजुरी काढायची ती पद्धत. आमच्या इचलकरंजीत आजही मजुरीची बोलणी ५२ पिकांच्या कापडाच्या मीटरला किती पैसे यावरच अडतात, त्यामुळे ती लिस्ट प्रथम वाचली तेव्हा मला आमच्याच बैठकीचा कागद वाचतो आहे असे वाटले. ही पद्धत सूत चांगले असेल तर विणकराच्या फायद्याची असते. सूत वाईट आले की तोच माणूस तेवढेच तास उभा राहतो, चार मागांऐवजी दोनच माग कसेबसे चालवतो, तुटलेले धागे जोडण्यात दिवस घालवतो आणि शनिवारी त्याच्या हाती पूर्वीपेक्षा फारच थोडे पैसे पडतात. वर कापडात दोष निघाला तर दंड वेगळा. म्हणजे गिरणी बंद असलेला उपाशी होताच, पण गिरणी चालू असलेल्याचेही पोट भरत नव्हते. खानदेशचा कापूस पोहोचूनही चूल का पेटली नाही, त्याचे मला कळलेले कारण हे.

धोट्याविषयीही सांगतो. धोटा म्हणजे मागावर बाण्याचे सूत इकडून तिकडे नेणारे साधन. त्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बाजूच्या लहान छिद्रातून बाहेर काढायचे. त्यासाठी विणकर त्या छिद्राला ओठ लावून श्वासाने सूत ओढत असे. लँकेशायरमध्ये याला ‘धोट्याचा मुका’ म्हणत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे आणि सुताबरोबर धूळ, कचरा, खळ सगळे आत जाई. माझ्या लहानपणी वडिलांच्या मागखात्यात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. समोरचे दात किडलेल्या माणसाला सगळे ‘जुना विणकर’ म्हणत, तेव्हा ते गमतीने म्हणतात असे मला वाटायचे.

खळीचा विषय निघालाच आहे तर थांबवत नाही. ताण्याच्या धाग्याला बळ यावे म्हणून पूर्वी पीठ आणि चरबी यांची खळ देत. कापूस महागल्यावर पीठ-चरबीबरोबर चिनी मातीचे प्रमाण वाढले, कारण दुबळ्या सुताला आधार हवा होता आणि कापडाला वजनही हवे होते. युद्ध संपले तरी ही सवय गेली नाही. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाच्या हाती जाड, भरगच्च वाटणारे धोतर यायचे आणि पहिल्या धुण्यात त्यातली माती नदीला मिळायची. जहाजाच्या दमट तळाशी त्या खळीला बुरशी लागून गाठीच्या गाठी खराब होत, त्यावरून मँचेस्टर आणि मुंबईचे व्यापारी एकमेकांशी भांडत. पण आधी त्रास विणकराला. मातीने कडक झालेला ताणा कोरड्या हवेत मोडतो, म्हणून मागखात्यात वाफ सोडत. वर चिनी मातीची धूळ, खाली फरशीवर पाणी, आणि त्यात माणूस दहा तास. १८७२ मध्ये टॉडमॉर्डनच्या विणकरांच्या तक्रारीवरून सरकारी डॉक्टरने याची चौकशी केली आणि खात्यातील ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा मात्र १८८९ मध्ये आला. सतरा वर्षे! सरकी सर, तुमचे धोतर अजून धुतलेले नसेल तर एक कोपरा बोटांनी चोळून पाहा. पांढरी भुकटी निघाली तर ती ही माती.

पेनाइनची_वाट

मी मूळची साताऱ्याची, गेली बारा वर्षे लँकेशायरमध्ये राहते. धोटा काकांचे लिहिणे वाचून इथल्या एका जुन्या मागखात्याची आठवण झाली, म्हणून थोडी भर घालते. रोजच्या दिवसाविषयी वर फारसे कोणी लिहिलेले नाही.

बर्नलीजवळ क्वीन स्ट्रीट मिल नावाची गिरणी संग्रहालय म्हणून जपलेली आहे. ती १८९४-९५ मध्ये बांधली गेली, म्हणजे सरांच्या धोतराच्याच काळातली. तिथे तीनशेहून अधिक माग आहेत आणि ते चालवणाऱ्या वाफेच्या इंजिनाचे नाव ‘पीस’, म्हणजे शांती, असे आहे. शांतीने पट्टे फिरवले आणि मोजके माग सुरू झाले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचा आवाज मला ऐकू येईना. माहिती सांगणाऱ्या बाई बोलायच्या थांबल्या आणि ओठांच्या मोठमोठ्या हालचालींनी आम्हाला काहीतरी सांगू लागल्या. विणकर बायका अशाच बोलत. याला इथे ‘मी-मॉ’ म्हणतात. खात्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघी एकमेकींशी सबंध घरगुती गोष्ट बोलून घेत, आणि बाहेर रस्त्यावर, बसमध्ये, देवळातही त्यांची ओठांची ती सवय सुटत नसे. वय झाले की बहुतेकींना ऐकू कमी येई.

ब्लॅकबर्नच्या मागखात्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या आणि लिस्टचा दर दोघांना एकच होता, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती. लग्नानंतरही पुष्कळ जणी कामावर जात. तान्हे मूल शेजारच्या म्हातारीकडे सोपवून. सकाळी सहाच्या कामासाठी पहाटे उठवायला एक माणूस लांब काठीच्या टोकाला तारा बांधून वरच्या मजल्यावरच्या खिडकीवर टकटक करत जाई. प्रत्येक घर त्याला आठवड्याला थोडे पैसे देई. मग फरसबंदीवर लाकडी तळ आणि लोखंडी पट्टी असलेल्या शेकडो जोड्यांचा आवाज. फाटक बंद झाल्यावर पोहोचले तर मजुरी कापली जाई. घरे एकाला एक चिकटलेली, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मागच्या अंगणात संडास. खाणे म्हणजे ओटची पेज, बटाटे, पाव, चहा आणि पगाराच्या दिवशी थोडे मांस.

१८४४ च्या कायद्यानंतर आठ वर्षांची मुले ‘अर्धवेळ’ म्हणून गिरणीत येत: दिवसाचा एक भाग काम, दुसरा भाग शाळा. दुपारच्या वर्गात ही मुले बाकावरच झोपून जात. आपल्याकडच्या मागखात्यातील जॉबरचा इथला भाऊ म्हणजे ‘टॅकलर’. माग दुरुस्त करणारा हा माणूस आपल्या हाताखालच्या विणकरांच्या कमाईवर टक्केवारीने पैसे घेई, त्यामुळे तो त्यांना हाकत असे; काही ठिकाणी प्रत्येकीची आठवड्याची कमाई सगळ्यांना दिसेल अशी पाटीवर लिहीत. टॅकलर किती मूर्ख असतो यावरचे शेकडो विनोद इथे अजून सांगितले जातात. त्या बायकांना त्याला तोंडावर काही म्हणता येत नव्हते, तेव्हा विनोद तरी केलेच असणार.

एक सुखाची गोष्टही सांगते, नाहीतर सगळे काळेच वाटेल. १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला काम थांबू लागले, आणि मोकळ्या दुपारीत या गावाने फुटबॉल उचलला. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने एफ. ए. कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सना, म्हणजे ईटन शाळेच्या बड्या घरच्या माजी विद्यार्थ्यांना, २-१ असे हरवले. त्या संघात विणकर होते, सूत कातणारा होता, लोहशाळेतला कामगार होता. त्याआधी हा कप नेहमी अशा बड्या मंडळींच्या हाती असे.

उलट_तपासणी

सगळ्यांचे लिखाण आवडले, पण दोन ठिकाणी थांबायला हवे असे वाटते.

टाचण सर, टंचाईचा सगळा दोष अमेरिकन युद्धावर घालता येत नाही. १८५९ आणि १८६० या दोन वर्षांत लँकेशायरने इतके कापड विणून ठेवले होते, की हिंदुस्थान आणि चीनमधील गोदामे त्याने भरून गेली होती. १८६१ च्या उत्तरार्धात गिरण्यांनी काम कमी करायला सुरुवात केली तेव्हा कापूस संपलेला नव्हता. कापडाला गिऱ्हाईक नव्हते. ज्यांच्याकडे तो जुना माल पडून होता, त्यांच्यासाठी युद्ध ही चालून आलेली संधी ठरली. ब्लॅकबर्न आपल्याच बाजारासाठी विणत असल्याने तिथे ही मंदी आधी जाणवली असणार.

दुसरे असे, की लँकेशायरच्या कामगारांनी उपाशी राहूनही गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला, ही गोष्ट फार सरसकट सांगितली जाते. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेने लिंकनला पत्र पाठवले आणि जानेवारीत त्याने उत्तर दिले, हे खरे आहे आणि ते मोठेच आहे. परंतु नाकेबंदी मोडून कापूस आणावा असे म्हणणारेही त्याच गावांत होते. उपाशी माणसांची मते एकसारखी असतात, हे गृहीत धरणे मला रुचत नाही.

आणखी एक दुवा कोणी जोडला नाही. १८७८ मध्ये मालकांनी मजुरीत दहा टक्के कपात केली. कारण पुन्हा तेच: पूर्वेकडची मागणी बसलेली. त्याआधीची दोन वर्षे दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता, आणि ज्याच्या घरी ज्वारी नाही तो धोतर घेत नाही. कामगार म्हणत होते, की माल जास्त झाला असेल तर मजुरी कापू नका, कामाचे दिवस कमी करा. मालकांनी ऐकले नाही, संप झाला, आणि १४ मे १८७८ रोजी ब्लॅकबर्नमध्ये मालक-संघटनेच्या पुढाऱ्याचे, कर्नल जॅक्सनचे, घर जमावाने जाळले. सोलापूर-नगरकडचा दुष्काळ ब्लॅकबर्नच्या एका बंगल्यापर्यंत कसा पोहोचला, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

टाचण

उलट तपासणी, पहिला मुद्दा मान्य. मी भावांकडे पाहत राहिलो आणि गोदामांकडे दुर्लक्ष केले. एवढेच जोडतो, की १८६२ संपेपर्यंत तो साठा बराच उतरला होता आणि त्यानंतरची उपासमार खरोखर कापसाच्या भावाची होती. दुष्काळ आणि १८७८ यांचा संबंध आपण जोडला ते उत्तम. त्या वेळी रुपयाही घसरत होता, तेव्हा आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला विलायती कापड दोन्हीकडून महाग पडत होते.

सरकी_जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. धोटा काका, काल रात्री घडीचा कोपरा चोळून पाहिला. बोटांना पांढरे लागले. आईने लगेच ते धोतर माझ्या हातातून काढून घेतले, कारण तिच्या मते जपून ठेवलेल्या वस्तूवर प्रयोग करायचे नसतात.

वर्गात मी आता हे तीन पायऱ्यांनी सांगणार आहे: आधी भरलेली गोदामे, मग कापसाचा भाव आणि कुलूप लावलेली गिरणी, आणि शेवटी तुटणारे सूत व ताग्यावरची मजुरी. त्या मुलीला शेवटचा भाग सर्वांत आधी कळेल असे वाटते, कारण तिची आई गावातच मीटरवर शिवणकाम करते.

घरी वडिलांना भेसळीचा १८६३ चा कायदा वाचून दाखवला. ते नव्वदीच्या जवळ आहेत आणि आयुष्यभर जिनवर गाड्या घेऊन गेले आहेत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि मग एवढेच विचारले, "म्हणजे पाणी तेव्हाही मारत होते?"